गाडीची डावी-उजवी

अनोळखी माणसाला काही विचारायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी ही खोड गेली नाही. एकदा भोकरदनहून एसटीनं येत होते. आमचं केदारखेडा आलं, आणि कंडक्टरला ‘थांबवा’ म्हणायचं माझ्या तोंडून निघालंच नाही. गाडी पुढच्या फाट्यावर थांबली तेव्हा उतरले आणि पिशवी डोक्यावर घेऊन चालत माघारी आले. मालक ओट्यावर बसलेले होते. म्हणाले, “गाडी तिकडून आली, तू इकडून कशी येऊन राह्यली?” मी पिशवीसकट सरळ घरात गेले. ही गोष्ट ते अजून पाहुण्यांना सांगतात.

अशी मी, आणि मला पुण्यात मेट्रोनं एकटीला जायची वेळ आली.

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपल्याकडची रीत. पण डॉक्टरीणबाईंनी आठव्या महिन्यात तिला प्रवास बंद केला. लेक माहेरी येईना, म्हणून माहेरच तिच्याकडं गेलं. म्हणजे मी, बाजरीचं पीठ, शेपूच्या चार जुड्या आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. मुलगी झाली. गोरी, नाक मालकांसारखं. पण दुसऱ्या दिवशी अंगावर पिवळेपणा दिसला आणि तिला निळ्या उजेडाखाली ठेवलं. नर्सबाई म्हणाल्या, घाबरू नका, आईनं पोटभर जेवावं, बाळाला भरपूर पाजावं, चार-पाच दिवसांत उतरेल.

आता पोटभर जेवायचं तर लेकीला दवाखान्यातलं अन्न जाईना. वरण बघितलं की तोंड फिरवायची. दोन दिवस जावई मला डब्यासकट मेट्रोनं घेऊन गेले, तेव्हा ती जेवली. तिसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी संपली. ते म्हणाले, “मामी, उद्यापासून मेसचा डबा लावतो.” लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “माय, तुझा डबा आला तर जेवते, न्हाईतर मी चहा-बिस्किटावर राह्यते.”

“बाळाला काय पाजशील मंग? चहा?” मी म्हणाले.

“तूच ये ना मंग घेऊन.”

हे मला रात्रभर टोचलं. सकाळी मी जावयांना म्हणाले, मी जाते. डोक्यावरचा पदर पुढं ओढूनच म्हणाले, कारण जावयासमोर मी फार बोलत नाही. त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा डब्याकडं बघितलं. मग मला कार्ड दिलं आणि समजावलं, “गाडीत बसलात की काही बघू नका, फक्त ऐका. गाडीत ज्या बाईचा आवाज येतो, ती प्रत्येक स्थानकाचं नाव सांगते आणि दरवाजा कुठल्या बाजूला उघडणार तेही सांगते. गाडी जमिनीखाली गेली की दुसरं स्थानक आपलं. ती ज्या बाजूला म्हणेल तिकडं जाऊन उभ्या राहा. कुणाला काही विचारायची गरज नाही.”

शेवटचं वाक्य ऐकून मला धीर आला. दवाखान्यात डबा द्यायची वेळ बारा ते एक. मी पावणेबाराला निघाले.

गाडीत बसायला जागा मिळाली. बाकडी भिंतीला लावलेली होती. डबा मांडीवर घेतला. दरवाज्याच्या वर नावं लाल अक्षरांत पळत होती, पण माझी चौथी झालेली. अर्धं नाव वाचेपर्यंत बाकीचं निघून जायचं. ती बाई मात्र सावकाश बोलायची. आवाज इतका स्वच्छ की वाटावं, समोर बसून सांगते आहे. पुढचं स्थानक अमुक, दरवाजे डावीकडे उघडतील. मग हिंदीत, मग इंग्रजीत. न विचारता सांगणारी, आणि तीन-तीनदा सांगूनही न वैतागणारी बाई मला पहिल्यांदाच भेटली. पहिल्या दोन स्थानकांना तर मी मान हलवून ‘हां’ म्हणाले. समोरचा कॉलेजचा पोरगा कानात वायर घालून बसला होता म्हणून बरं.

मग उजेड गेला. विहिरीत बादली उतरते तशी गाडी जमिनीखाली उतरली. एक स्थानक गेलं. बाई बोलली आणि आमच्या स्थानकाचं नाव आलं. “दरवाजे उजवीकडे उघडतील.”

मी लगेच उठले. माझ्या उजव्या हाताला निघाले. बाकड्यावर बसलेल्या माणसाचा उजवा हात कुठं येतो? डब्याच्या टोकाकडं. तिकडं चालत गेले तर दरवाजाच नाही, दोन डबे जोडलेली बोळकांडी. वाटलं, पुढच्या डब्यात असेल. तिथंच उभी राहिले, दोन्ही हातांनी डबा धरून, बाईनं सांगितलंय म्हणजे इथंच उघडणार. गाडी थांबली. आवाज आला म्हणून वळून बघते, तर ज्या दरवाज्यासमोर मी इतका वेळ बसले होते, तोच उघडला होता. माणसं उतरली, माणसं चढली. मला ‘सरका’ म्हणायचं होतं. तेच, जीभ टाळूला. दरवाजे लागले.

केदारखेड्याच्या पुढचा फाटा आठवला. तिथून चालत माघारी येता आलं होतं, इथं जमिनीखाली कुठून चालू? लेक टेबलावर ताट मांडून बसली असेल, आणि डबा आला नाही तर मेसचा डबाही लावलेला नाही, कारण मी नको म्हणाले होते.

बाई पुन्हा बोलली. पुढचं स्थानक, दरवाजे उजवीकडे. मनात म्हटलं, बाई, कुणाची उजवी ते तरी सांग.

आणि तेव्हा मला आमचे बाबा आठवले. मी सात-आठ वर्षांची असताना आमच्याकडं बैलजोडी होती. जोडीतला डावा बैल कायम डावीकडं जुंपायचा, उजवा उजवीकडं. उलटे जुंपले की ते औत ओढत नाहीत, नुसते घोटाळतात. एकदा बाबांनी मला जू धरायला बैलांच्या पुढं उभं केलं आणि म्हणाले, डावा आण. मी माझ्या डाव्या हाताला आणला. बाबा हसून खाली बसले. म्हणाले, “तुही डावी कुणी विचारली? ज्याला चालायचंय त्याची डावी. बैलाच्या तोंडाकडं तोंड नको करू, बैल बघतो तिकडं बघ.”

ज्याला चालायचंय त्याची. इथं कोण चालतंय? गाडी. मी खांब धरला आणि गाडी पळत होती तिकडं तोंड करून उभी राहिले. पदराखालून उजवा हात थोडा बाहेर काढला. हाताच्या टोकाला दरवाजा होता. गाडी थांबली, तोच उघडला. मी खुशीत उतरले, जणू मीच उघडला.

खाली उतरल्यावर पुन्हा प्रश्न, माघारी कशी जाऊ? फलाटाच्या पलीकडच्या कडेलाही रूळ होते. मी खांबाला टेकले आणि ऐकत राहिले. फलाटावरही आवाज होता. पलीकडं येणारी गाडी कुठं जाणार ते सांगितलं, आणि ते नाव आमच्या जावयांच्या घराकडच्या शेवटच्या स्थानकाचं होतं. म्हणजे हीच माघारी जाणार. बसले. बसले म्हणजे उभीच राहिले, गाडीच्या तोंडाकडं तोंड करून. आता गाडी उलटी पळत होती, माझं तोंडही उलटं झालं. बाई म्हणाली उजवीकडे. मी हात काढला. दरवाजा बराबर तिथंच.

वर आले तेव्हा स्थानकातल्या घड्याळात एकला दहा कमी होते. मी पळालेच. या वयात साडी वर धरून रस्त्यानं पळताना आपल्याला कोण ओळखतंय, हाही एक आनंद आहे.

दवाखान्याच्या दारावर वॉचमन उठून उभा राहिला. “मावशी, टाइम संपला.”

“न्हाई संपला,” मी म्हणाले. “पाच मिनटं हायेत अजून. तुमच्या मागं घड्याळ हाये, बघा.”

त्यानं खरंच मागं वळून बघितलं. मला स्वतःचाच आवाज ऐकून नवल वाटलं. तो म्हणाला, “एवढ्या घाईनं काय आणलंय डब्यात?”

“शेपू.”

“जा मग. वास आलाय इथपर्यंत.”

लेक खाटेवर बसून दाराकडंच बघत होती. समोर चहाचा रिकामा कप. मी डबा उघडला, भाकरी मोडून दिली. तिनं आधी अर्धी भाकरी संपवली आणि मग म्हणाली, “इतका उशीर? चुकली होती ना? कुणाला विचारलं?”

“कुणालाच न्हाई. तिनंच सांगितलं.”

“कुणी?”

“गाडीतल्या बाईनं. आणि तुह्या आज्यानं.”

मग सगळं सांगितलं, बोळकांडीपासून बैलांपर्यंत. ती इतकी हसली की शेजारच्या खाटेवरच्या बाईनं काय झालं म्हणून विचारलं, आणि लेकीनं सांगायच्या आत मीच तिलाही सांगितलं. डब्यात शेपूचं पानसुद्धा उरलं नाही. सोबत नेलेली खीर तिनं बोटानं पुसून खाल्ली.

एवढ्यात नर्सबाईंनी पाजायला बाळ आणून दिलं. निळ्या उजेडातून आलेली, डोळे किलकिले केलेली. लेकीनं तिला एका बाजूला घेतलं. पोरगी अशी ओढायला लागली की आवाज येत होता. थोड्या वेळानं थांबली, तोंड इकडंतिकडं फिरवून शोधायला लागली. लेकीनं तिला उचलून दुसऱ्या बाजूला वळवलं आणि अगदी त्या बाईच्या आवाजात, सावकाश म्हणाली, “पुढचं स्थानक दूध. दरवाजे उजवीकडे उघडतील.”

“तुही उजवी का तिची?” मी विचारलं.

“जिला भूक लागली तिची,” लेक म्हणाली. पोरीला तेवढ्यात बरोबर सापडलं होतं.