बुरूज बघायचा राहिला

तासगावच्या आमच्या बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी दिली, की मला इटलीतला एक दिवस आठवतो. तिथे शिकत असताना आम्ही डोंगरावरची जुनी गावं बघायला गेलो होतो. सगळे बुरुजावर चढले आणि मी मात्र या ओळखीच्या वासामागं एका तळघरात शिरलो. एक म्हातारा वाळवणासाठी तुळईला द्राक्षाचे घड टांगत होता. भाषा कळेना, पण मी कात्री उचलून घडातले सडके मणी काढायला बसलो, तो थेट बस सुटायच्या वेळी उठलो. फोनवर हे ऐकून वडील म्हणाले, "आरं, शेडचा कट्टाळा म्हणूनच गेलतास न्हवं तिकडं?" शिक्षण संपवून परत आलो, तेव्हा त्यांनी नुसती कात्री पुढं केली. तो बुरूज मी अजून बघितलेला नाही.