आठवड्याला चार मिनिटं पुढे

माझी भावजय जोसेट लुग्रँ आयुष्यभर घड्याळांत राहिली, पण तिच्या मनगटावर मी एकदाही घड्याळ पाहिलेलं नाही. पंधराव्या वर्षी ती कारखान्यात लागली. लोक मोटार घ्यायची सोडून ज्यांच्यावर पैसे घालतात असली घड्याळं पंचेचाळीस वर्षं तिच्या हाताखालून गेली, आणि बाईचा हात मोकळाच. विचारलं तर म्हणते, "पट्ट्याचं बक्कल टेबलाला घासतं." खरं कारण मला ठाऊक आहे. तिला वेळ आतूनच कळते. माझ्या टी-रूममध्ये बसून मेरिंग खाता खाता मध्येच म्हणेल, "मार्लीझ, दोन वाजून पाच झाले, गाडी आली नाही अजून," आणि भिंतीवर बघावं तर बरोबर दोन वाजून पाच. असल्या बाईशी नातं निभावणं सोपं नाही.

आमचं घर ल पाँ गावात, स्टेशनासमोर, तळ्याला लागून. खाली माझं टी-रूम, वर जोसेट आणि माझा भाऊ जेराल. जेराल चीज करतो आणि त्याला कशाचीच घाई नसते. तिला पहिल्यांदा फिरायला न्यायचं ठरलं तेव्हा हा अठरा मिनिटं उशिरा पोचला. अठरा हा आकडा जोसेटचाच. तरीही तिने त्याच्याशी लग्न केलं. का केलं ते मी कधी विचारलं नाही, भाऊ माझाच आहे.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ती तीन दिवस घरी स्वस्थ बसली. त्या तीन दिवसांत तिने माझी सगळी कपाटं लावून दिली, अजून मला दालचिनी सापडत नाही. चौथ्या दिवशी मीच दोन माणसं बोलावून तिचं जुनं टेबल वरच्या उत्तरेकडच्या खिडकीपाशी चढवलं. तेव्हापासून लांबलांबून लोक तिच्याकडे घड्याळं पाठवतात.

तिचं काम म्हणजे चाल लावणं, घड्याळ ना पुढे ना मागे असं करणं. किल्लीच्या घड्याळात केसाहून बारीक एक गोल वेढ्यांची स्प्रिंग असते. ती फुलते, मिटते, आणि तिच्यावर सगळं घड्याळ चालतं. ती जोसेट चिमट्याने हळूच सारखी करते, इतकी हळू की आपल्याला वाटावं ही नुसती बघत बसली आहे. घड्याळ आडवं ठेवून तपासते, उभं ठेवून तपासते, डोक्यावर उलटं ठेवून तपासते. स्प्रिंगला हात लावायच्या दिवशी ती कॉफी पीत नाही, कांदा चिरत नाही आणि जेरालशी भांडत नाही. भांडण दुसऱ्या दिवसावर ढकलते.

आमचा एक वाद वीस वर्षं चालू होता. लोक ही महागडी घड्याळं घेतात कशाला? मी म्हणायची, "दाखवायला! बाही वर सरकवायला काहीतरी निमित्त नको का? वेळ तर माझ्या फोनमध्येही कळते, आणि जास्त बरोबर कळते."

"फोनमध्ये वेळ बाहेरून येते," जोसेट म्हणायची. "इथे पितळेचे आणि पोलादाचे तुकडे स्वतःच्या बळावर बरोबर चालतात. बरोबर चालणं, मार्लीझ. लोक त्याचेच पैसे देतात."

"लोकांना तुझी स्प्रिंग दिसते तरी का?"

"दिसत नाही म्हणूनच नीट हवी."

मग मी तिला बिल द्यायची आणि ती पैसे न देता वर जायची.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी थुन गावाहून एक डबी आली. आत पुरुषाचं, सोन्याचं, पातळ, रोज किल्ली द्यायचं घड्याळ. सोबत चार ओळी: घड्याळ माझ्या नवऱ्याचं, तो गेल्याला वर्ष झालं, वर्षभर कोणी किल्ली दिली नाही, आता दिली तर दुपारपर्यंत चालतं आणि थांबतं. खाली सही, मादाम ग्रॅबर.

जोसेटने ते उघडलं आणि तिला खजिना सापडल्यासारखं झालं. तेल वाळलं होतं ते एक. शिवाय कोणे एके काळी कोणीतरी हलगर्जीपणाने जास्तीचं तेल सोडलं होतं, त्यामुळे स्प्रिंगचे दोन वेढे एकमेकांना चिकटत होते. "बिचारं कित्येक वर्षं पुढे पळत असणार," ती म्हणाली. "आणि कोणाला पत्ता नाही!" पंधरा दिवस तिने त्यावर काढले. शेवटी ते दिवसाला एका सेकंदाहून जास्त चुकेना. ती खाली आली आणि स्वतःहून बिल देऊन गेली, यावरून काय ते ओळखा. घड्याळ थुनला गेलं. सोबत चिठ्ठी: रोज एक सेकंद पुढे, याहून चांगलं कोणी करून दिलं तर मला कळवा.

ऑक्टोबरात, बाजारात वाशरँ चीजचे पहिले डबे आले त्या आठवड्यात, एक उंच, हाडापेराने दणकट बाई पावणेबाराच्या गाडीने उतरली आणि थेट माझ्याकडे आली. कॉफी मागवली, अक्रोडाची टार्ट मागवली, आणि टार्ट संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "मादाम लुग्रँ इथेच राहतात ना? मला त्यांची तक्रार करायची आहे."

जोसेटची तक्रार! मी हात पुसत जिन्यापाशी गेले आणि इतक्या आनंदाने हाक मारली की वरून तिने विचारलं, "काय झालं, आग लागली का?"

ती खाली आली. मादाम ग्रॅबरने पर्समधून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"थांबतंय?" जोसेटचा चेहरा उतरला.

"नाही. छान चालतं."

"पुढे जातंय?"

"नाही ना! हीच तर तक्रार आहे," मादाम ग्रॅबर म्हणाली. "पूर्वी जायचं. आठवड्याला चार मिनिटं. मला ती चार मिनिटं परत हवीत."

जोसेट खुर्चीत बसली. मीही बसले, गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात.

मादाम ग्रॅबरचा नवरा ऊली छपरं घालायचा. चाळीस वर्षं लोकांच्या घरांवर कौलं चढवली. धाकटी मुलगी नोकरीला लागली त्या महिन्यात शहरातल्या जुन्या घड्याळांच्या दुकानात गेला आणि हे घड्याळ घेऊन आला. "मोटारीसाठी ठेवलेले पैसे, मादाम! सगळेच्या सगळे. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, कशाला घेतलंस हे? कामावर घालता येत नाही, पावसात चालत नाही. तर म्हणाला, आजवर ज्या वस्तू घेतल्या त्या सगळ्या कामाच्या. हातोडा, शिडी, बूट, फ्रिज. एक तरी बिनकामाची असू दे. आणि म्हणाला, छप्पर एकदा घातलं की त्याला माझी गरज नसते. याला मी रोज सकाळी लागतो."

"बरोबर आहे," जोसेट पुटपुटली.

"बरोबर कसलं! रविवारी बाराची घंटा झाली की हा घड्याळ काढायचा, आणि ते चार मिनिटं पुढे. मग मी सुरू. मोटारीच्या पैशांचं घड्याळ, आणि चर्चच्या म्हाताऱ्या घंटेशी जमत नाही! तो ऐकून घ्यायचा, काटे मिळवायचा, मग आम्ही जेवायला बसायचो. एकवीस वर्षं. मी म्हणायची, अरे, दुरुस्त करून घे. तर म्हणायचा, मग रविवारी तू माझ्याशी बोलशील काय?"

तिने रुमाल काढला, पण नाक शिंकरायला. "आता मी रोज किल्ली देते. रविवारी बारा वाजतात, मी घड्याळ बघते, आणि ते बरोबर असतं. बोलायला जागाच नाही. घर इतकं गप्प झालंय, मादाम, की मी जेवायचं विसरते."

मला वाटलं, आता जोसेट घड्याळ उचलेल. कसलं काय.

"माफ करा," ती म्हणाली. "चुकणारं घड्याळ मी दाराबाहेर सोडत नाही."

"जोसेट!" मी ओरडले.

"तू गप्प बस. मादाम, घड्याळाच्या मागच्या झाकणाच्या आत प्रत्येक दुरुस्त करणारा सुईने आपली खूण कोरतो. तुमच्या घड्याळात माझ्या आधी तिघांच्या आहेत. त्यातल्या ज्याने तेल सांडलं तो कोण, ते मला माहीत आहे, आणि तो मेला तरी मी त्याला माफ केलेलं नाही. पन्नास वर्षांनी कोणीतरी हे झाकण उघडेल, घड्याळ पळतंय बघेल, माझी खूण बघेल आणि म्हणेल, ही लुग्रँबाई, हिला साधी चाल लावता आली नाही. मी तेव्हा नसेन उत्तर द्यायला."

"मग मी थुनमध्ये कोणाकडून तरी करून घेते," मादाम ग्रॅबर शांतपणे म्हणाली. "आमच्या कोपऱ्यावर एक जण बॅटऱ्या बदलतो."

जोसेट पांढरी पडली. पण हललीही नाही. मादाम ग्रॅबर घड्याळ पर्समध्ये ठेवू लागली आणि माझं डोकं फिरलं.

"जोसेट, किती वाजले?"

"बारा वाजून बावीस."

"जेवण कितीला असतं तुमच्याकडे?"

"बाराला."

"जेराल कुठे आहे?"

"कुठे असणार! येईल पंधरा-वीस मिनिटांनी, मग सांगेल गाय मध्ये आली."

"चाळीस वर्षं येतोय असाच. उद्या बाराच्या ठोक्याला दारात उभा राहिला तर काय करशील?"

तिने खिडकीतून रस्त्याकडे बघितलं. रस्ता रिकामा होता.

"डॉक्टरला फोन करीन," ती म्हणाली.

"हं," मादाम ग्रॅबर म्हणाली, आणि तिने पर्स पुन्हा उघडली.

मग जोसेटने हात पुढे केला. "द्या इकडे. पण तेल सांडून घाण करणार नाही, सांगून ठेवते. चूक करायचीच तर स्वच्छ करीन. घरी ठेवता कुठे?"

"स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी."

"आडवं की उभं?"

"आडवं. तोंड वर."

"किल्ली कितीला देता? शेगडीपासून किती लांब? हिवाळ्यात खिडकी उघडी टाकता का?" तिने माझी ऑर्डरची वही ओढून घेतली आणि सगळं लिहून काढलं. मादाम ग्रॅबर शाळेतल्या मुलीसारखी उत्तरं देत होती.

त्यापुढचे तीन आठवडे मी विसरणार नाही. बरोबर चालवायला पंधरा दिवस लागलेलं घड्याळ चुकवायला एकवीस लागले. आडव्या फळीवर, पावाच्या डब्याशेजारी, दिवसाला चौतीस सेकंद पुढे. तेहतीस नाही, पस्तीस नाही. माझा पावाचा डबा वर गेला. मी म्हटलं, "अगं, चुकायचंच आहे ना, मग एक सेकंद इकडे काय नि तिकडे काय!" तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पाव कागदात गुंडाळून ठेवायला लागले.

शेवटच्या दिवशी तिने मला वर बोलावलं आणि भिंग हातात दिलं. झाकणाच्या आत, तिघांच्या खुणांखाली तिची पहिली खूण होती आणि तिच्याखाली नवी, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत: रोज चौतीस सेकंद पुढे. मुद्दाम. हात लावू नये. जो. लु.

"आता कोणी काही म्हणू दे," ती म्हणाली, आणि झाकण बंद केलं.

घड्याळ शनिवारी थुनला पोचलं. दुसऱ्या दिवशी बाराला मादाम ग्रॅबरने ते घंटेशी मिळवलं असेल, तेव्हा खरा निकाल त्याच्या पुढच्या रविवारी लागणार होता. त्या रविवारी जोसेट साडेअकरालाच खाली आली. म्हणाली कॉफीला आले. कॉफी गार झाली. बारा वाजून दहा मिनिटांनी काउंटरवरचा फोन वाजला आणि माझ्या आधी तिने उचलला. मी हात घालून स्पीकरचं बटण दाबलं, ते मात्र तिने मला करू दिलं.

"किती?" नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"चार मिनिटं, मादाम," मादाम ग्रॅबरचा आवाज आला. "अगदी चार."

"मग मिळवलंत?"

"आत्ता मिळवलं. आधी त्याला चांगला फैलावर घेतला. मोटारीचं काढलं, घंटेचं काढलं, शिवाय मला न सांगता मरून गेला तेही काढलं. वर्षभराचं साचलं होतं, मादाम. दहा मिनिटं लागली."

जोसेटने फोन दोन्ही हातांनी धरला. "आणि तो काय म्हणाला?"

"नेहमीसारखंच. गप्प बसून सगळं ऐकून घेतलं," मादाम ग्रॅबर म्हणाली. "आता ठेवते हं, मी बटाटे टाकलेत. मला सपाटून भूक लागली आहे."