शिवणीत आलेलं घर

ऑफिसात तिला सगळे शिंपीण म्हणायचे. घरी सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी तिच्या जिवावर यायचं, फाटलेल्या उशा सासूबाईच शिवायच्या. पण काम होतं ते शिवणाचंच. आपण फोनवर नकाशा उघडतो, शहर वरून बघतो, आपली गच्ची सापडली की उगाच खूश होतो. आपल्याला वाटतं, कुणीतरी उंचावरून एक भला मोठा फोटो काढला आणि विषय संपला. तसं काही नसतं. रानाडोंगरांचे फोटो उपग्रह काढतो, ते जरा धूसर असले तरी कुणाचं अडत नाही. शहरावर मात्र विमान फिरवावं लागतं. आकाश निरभ्र हवं, ऊन चढलेलं हवं, म्हणजे सावल्या आखूड पडतात. पोटात कॅमेरा बसवलेलं ते छोटं विमान शेत नांगरावं तसं इकडून तिकडे, तिकडून इकडे जातं आणि प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीतला थोडा भाग पुन्हा टिपतं. त्यामुळे एकच घर दोन-तीन फेऱ्यांत येतं. त्यातले बरे तुकडे निवडून संगणक जोडतो, आणि जोडताना हमखास माती खातो.

म्हणजे चालती बस मधोमध कापतो. पूल वाकडा करतो. एकच सायकलवाला एका चौकात दोनदा दिसतो. ढग आडवा आला असेल तर खाली मागच्या खेपेचं जुनं छप्पर चिकटवून मोकळा होतो. हे सगळं निस्तरायला माणसं लागतात. जोडाची रेघ, म्हणजे शिवण, हाताने सरकवायची. रस्त्याच्या कडेने न्यायची, भिंतीच्या सावलीत लपवायची. चांगली शिवण कुणाला दिसत नाही, म्हणून चांगल्या शिंपिणीलाही कुणी विचारत नाही.

शेजारपाजारच्यांना तर वाटायचं की ही बया दिवसभर बसून सगळ्यांच्या गच्च्या बघते. शेजारच्या काकांनी टॉवेल गुंडाळून गच्चीत जायचं सोडलं होतं. ती समजावून थकली की काका, नकाशातला फोटो वर्ष-दोन वर्षं जुना असतो, पुढचं विमान येईपर्यंत तोच राहतो. काका मान हलवायचे आणि पूर्ण कपड्यांत वर जायचे.

तिचा नवरा बस चालवायचा. दुपारपाळी असायची, म्हणून सकाळी घरी असायचा. मागच्या साली एका सकाळी निघताना ती त्याला म्हणाली, "आज विमान आपल्याकडचे फोटो काढणार आहे."

"मग मी दिसेन?"

"उभा राहिलास तर डोक्याचा ठिपका दिसेल. आडवा पडलास तर सगळा दिसशील."

"पडतो की," तो म्हणाला. ती हसली आणि चप्पल घालून बाहेर पडली. दुपारी ऑफिसात फोन आला. कामावर जायची वेळ झाली तरी तो गच्चीवरून खाली आला नव्हता. सासूबाईंचे गुडघे जिना चढू देत नव्हते, म्हणून त्यांनी काकांना वर पाठवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, क्षणात गेला, त्याला काही कळलंसुद्धा नसेल.

त्यानंतर तिला काही वाटेनासं झालं. लोक म्हणायचे, बाई फार धीराची. धीर कसला! आतून सगळी बधिर होती. चहा गरम आहे की गार, हे कप संपल्यावरही तिला सांगता आलं नसतं. पाहुणे रडायचे तेव्हा ती त्यांना पाणी आणून द्यायची. शिवणी मात्र पूर्वीपेक्षा सफाईदार यायला लागल्या होत्या.

घरात आता दोघीच. रात्रीच्या जेवणाला सासूबाई रोज एकच प्रश्न विचारायच्या.

"टाकी भरलेली होती. कपडे वाळत घातले नव्हते. मग वर गेला कशाला?"

"काय माहीत, आई," ती म्हणायची आणि ताटात बघत बसायची. तिला माहीत होतं. म्हणजे, तिला भीती होती की तिला माहीत आहे. आपल्या एका थट्टेपायी तो जिने चढून गेला, हे या बाईच्या तोंडावर सांगायचं कसं? तोंडाला कुलूप लावलं ते लावलं. एक आशाही होती: दुसऱ्याच कशाला गेला असेल, गार वारा खायला, कुणाशी तरी फोनवर बोलायला. पण त्या दिवशीचे फोटो कुठेतरी पडून आहेत, हे ती विसरू शकत नव्हती. एवढ्या शहराचे फोटो साफ होऊन टेबलापर्यंत यायला महिनोन्महिने लागतात. ती वाट बघत होती, आणि ते कधीच येऊ नयेत असंही तिला वाटत होतं.

आले. ती आपणहून मुख्यांकडे गेली. "आमच्या भागाचं काम मला द्या. गल्ल्या ओळखीच्या आहेत."

मुख्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. हे फोटो तिचा नवरा गेला त्याच दिवसाचे आहेत, हे त्यांच्या लक्षात नव्हतं, पण तिचं घर त्या भागात आहे हे माहीत होतं. "जमेल ना?"

"जमेल." दुसऱ्या कुणाच्या टेबलावर ते काम गेलं असतं तर त्याने गच्चीवरचा कचरा समजून नवऱ्याला पुसून टाकलं असतं. ते तिला नको होतं.

दुपारपर्यंत तिने बाकीचा भाग उरकला. मग घरापाशी आली. घर तीन फेऱ्यांत आलं होतं.

पहिल्या फोटोत गच्चीच्या मधोमध बाटलीहिरवी चादर अंथरलेली होती, आणि तिच्यावर तो उताणा, हातपाय ताणून पडलेला होता. पांढरा सदरा हिरव्यावर उठून दिसत होता. म्हणजे तिच्यासाठीच गेला होता. शंकेला जागा उरली नाही. तिने स्वतःला विचारलं, आता काय वाटतंय? काहीच नाही. हात माउसवर होता, एवढंच.

दुसऱ्या फोटोत चादर रिकामी होती. तो कठड्याशी उभा होता. डोक्याचा काळा ठिपका आणि बाजूला आखूड सावली. विमान लांब गेलेलं, ते परत येतंय का बघत असणार. कुठल्या फेरीतला फोटो नकाशात जातो, हे तिने त्याला सांगितलंच नव्हतं.

तिसऱ्यात तो पुन्हा आडवा होता. पण पालथा. अर्धा चादरीवर, अर्धा फरशीवर, एक हात छातीखाली, दुसरा जिन्याच्या दाराकडे. क्षणात गेलेला माणूस दाराकडे हात करत नाही. ती बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली. मग उठून पाणी प्यायली, परत बसली आणि गच्चीभोवती शिवण फिरवली. नकाशासाठी तिने दुसरा फोटो घेतला, कठड्याशी उभा असलेला. कठड्याच्या कडेने रेघ अशी नेली की मुख्यांनाही सापडली नसती.

चादर मात्र तिच्या डोक्यातून जाईना. त्या दिवशी तिने ती पाहिली होती, पण त्याला खाली आणण्यासाठी कुणीतरी वर नेली असेल असं ती समजून चालली होती. ती चादर सासूबाईंची होती, त्यांच्या कपाटातली. आणि त्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला असायची.

रात्री जेवताना सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आई, तो माझ्यामुळे वर गेला. विमान येणार म्हणून मी त्याला थट्टेने सांगितलं होतं."

सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "चादर माझ्याकडूनच नेली ना. म्हणाला, आई, गडद काहीतरी दे, बायकोला दिसलो पाहिजे. मग जिन्यापाशी थांबला. म्हणाला, जाऊ दे, आज दमल्यासारखं वाटतंय. मीच म्हटलं, अरे जा की, तिने एवढं सांगितलंय. ढकललंच मी त्याला."

"मग रोज मला का विचारत होतात?"

"वाटायचं, तू तरी काही वेगळं सांगशील. एखादं दुसरं कारण. तुला फोन करायला गेला असेल, काहीही. तू म्हणायचीस, काय माहीत. मग वाटायचं, उद्या पुन्हा विचारावं."

तिने हात पुढे करून त्यांच्या हातातला घास ताटात ठेवला. त्यांची बोटं थंड होती. किती महिन्यांनी तिला काहीतरी थंड लागलं होतं, आणि ते सहन होईना.

"आज त्याचे फोटो आले," ती म्हणाली.

सासूबाईंनी डोळे पुसले आणि ताट बाजूला सारलं. "कसा होता?"

"एकात चादरीवर झोपला होता. मस्त हातपाय पसरून, मोठ्या सुट्टीवर असल्यासारखा. दुसऱ्यात उठून कठड्याशी उभा होता. विमान परत येतंय का बघत होता."

"उठला होता? नीट उभा होता?"

"एकदम नीट. तोच नकाशात घातलाय."

"आणि मग? पुढच्यात?"

"पुढचा नाही, आई," ती म्हणाली. "घर दोनच फोटोंत आलं होतं."