घंटेनंतरची गोण

सदा गेल्याचा निरोप घेऊन माझ्या माहेरचा, वडिवळ्याचा माणूस लोणावळ्याला आमच्या दारात आला, तेव्हा मी सदासाठीच औषधं आणि लोकरीचे मोजे पिशवीत भरत होते. आदल्याच दिवशी त्याला भेटून परतले होते. न्यूमोनिया होता, पण वय तरुण, निभावेल असं डॉक्टरही म्हणत होते... पिशवी रिकामी केली, पुढच्या दिवसांच्या सामानाची यादी केली आणि निघाले. मला असंच जमतं. आधी कामं, मग रडणं.

सदाशिव माझा धाकटा भाऊ. काही आठवड्यांपूर्वी तळेगावात त्याच्यासाठी शोकसभा झाली. मावळचा हा सुपुत्र विमानातून शत्रूवर तुटून पडला, असं एक वक्ते म्हणाले. मी पहिल्या रांगेत होते. मीही मान डोलावली, आणि तेव्हापासून ती मान वर करायची मला लाज वाटते आहे. म्हणून हे लिहिणं.

सदा हवाई दलाच्या ज्या स्क्वाड्रनबरोबर होता, तिची सगळी हकिगत तो तिथल्या जुन्या मेकॅनिककडून ऐकून आला होता. सुरुवातीला तिच्याकडे जुनी, हळू चालणारी विमानं होती. पायदळाचे डोळे व्हायचं, एवढंच त्यांचं काम. शत्रूच्या मुलुखाचे फोटो काढायचे. दोन बांबूंमध्ये ताणलेल्या दोरीला निरोपाची थैली बांधलेली असे, ती खाली झेपावून आकड्याने उचलायची. पुढे ब्रह्मदेशात जपान्यांशी लढाई पेटली, रस्ते चिखलात बुडाले, तेव्हा स्क्वाड्रनला मोठी मालवाहू विमानं मिळाली आणि जंगलात अडकलेल्या पलटणींना रसद पोचवायचं काम तिच्याकडे आलं. सदा हवाई दलाचा नव्हताच. तो लष्कराच्या रसद खात्यातला, विमानाच्या उघड्या दारातून माल लोटणारा. दारूगोळा आणि औषधं हवाई छत्रीने उतरत. तांदळासाठी छत्र्या पुरत नसत. अर्धवट भरलेली गोण दुसऱ्या मोठ्या गोणीत घालून शिवायची आणि तशीच सोडून द्यायची. आतली फाटली तरी बाहेरची धरते. विमान झाडांच्या शेंड्यांवरून जाई, वैमानिक घंटा वाजवी, आणि सदा व त्याचे जोडीदार आडवे पडून पायांनी गोणी ढकलत. घंटा थांबली की पाय थांबले पाहिजेत. खालच्यांनीही विमान निघून जाईपर्यंत मैदानात पाऊल ठेवायचं नाही.

लढाईनंतर तो गावी आला, तेव्हा पारावर त्याची भरपूर थट्टा झाली. "काय रं सदा, इमान चालवलंस का न्हाई?"

"न्हाई आबा, इमानात हमाली केली."

"मग त्येच्यासाठी येवढ्या लांब कशाला गेलतास? कामशेतच्या ठेसनावर हमाली कमी हाय व्हय!"

सगळे हसत, सदाही हसे. पण माल कुठं टाकला, कुणाला टाकला, असं कुणी विचारलं की तो कपडे झटकून उठे.

दर पावसाळ्यात घरची भातलावणी उरकली की तो सुदुंबऱ्याला जाई. तिथल्या एका मावशींचा एकुलता मुलगा, तुकाराम, ब्रह्मदेशात पडला होता. सदा त्यांची लावणी करी, गळकं छप्पर नीट करी, चार दिवस राही. परक्या घरासाठी एवढं कोण करतं, असं मी चारचौघींत अभिमानाने सांगत असे.

शेवटच्या भेटीत त्याने मला जवळ बसवलं. धाप लागत होती, तरी थांबत थांबत बोलला. "आक्का, घंटा थांबलीवती. येक गोण दारात अडकलीवती. खाली पोरं उपाशी, अन् तांदूळ माघारी न्यायचा? म्या लाथ मारली..."

विमान वळलेलं पाहून खालच्या एकाला वाटलं, संपलं. तो मैदानात धावला. पुढे तिकडे विमानं उतरू लागली तेव्हा त्याच पलटणीचा एक जखमी जवान सदाच्या विमानातून परत आला, त्याच्याकडून कळलं. गोणीखाली सापडलेला पोरगा सुदुंबऱ्याचा होता.

"सांगायलाच गेलतो गं तितं. तिनं दारातच इचारलं, माझ्या तुकाच्या संगं हुतास व्हय? म्या व्हय म्हनलो. मग तिनं ताट वाढलं. पयल्या घासाच्या आदी सांगनार व्हतो... आता तू सांग."

दिवस झाले, सदाची भांडी, कपडे, अवजारं ज्याला त्याला देऊन टाकली. हे एक काम मी रोज उद्यावर टाकत राहिले. अखेर शोकसभेनंतर गेले. मावशी अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"भूक सोसायची न्हाई माझ्या तुकाला," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "गोण फुटली का?"

"आतली फुटली. बाहेरची टिकली."

"मंग बाकीच्यांनी खाल्लं आसंल."

त्या रागावतील, रडतील, मला हाकलतील, या सगळ्याची तयारी करून मी गेले होते. याची तयारी नव्हती. सभेत काय काय बोललं गेलं तेही मी सांगितलं, आणि खरं ते छापायला देऊ का, असं विचारलं.

"लिवा. माझ्या पोराला दुस्मनानं मारलं न्हाई, त्ये लिवा. अन् ह्यानं माझ्या हातचं खाल्लं, त्ये बी लिवा."

मग त्या आत गेल्या आणि एक घोंगडं घेऊन आल्या. लावणीच्या दिवसांत सदा तिथे पडवीत निजायचा, त्याचं. "ह्ये घेऊन जावा. घरात नगं आता." ते त्यांनी माझ्या हातात दिलं नाही, पायरीवर ठेवलं. मी उचललं.

ते माझ्या खोलीत आहे. त्याला अजून सुदुंबऱ्याच्या चुलीच्या धुराचा वास येतो. उन्हात घालते, घडी करते, पुन्हा खुंटीखाली ठेवते. लोणावळ्याची थंडी सुरू झाली आहे, घरात पांघरुणं कमी पडतात... ते कुणाला देववत नाही, आणि अंगावर घ्यायला हात धजत नाही.