सर्वसाधारणपणे राहणारे

मतदान सक्तीचं करावं की नाही, यावर टीव्हीवर चार शहाणे एकमेकांच्या उरावर बसायला लागले की मी आवाज बारीक करते. दंड करा म्हणणारे आणि हा स्वातंत्र्यावर घाला आहे म्हणणारे, दोघेही घशाच्या शिरा ताणून बोलत असतात. मनात म्हणते, बाबांनो, हा वाद आमच्या देवबागच्या पडवीत तुमच्या कितीतरी आधी होऊन गेला, आणि तुमच्यापेक्षा पोटतिडकीने. फक्त आमच्याकडे लोकशाहीचं नाव कुणी घेत नव्हतं.

सक्तीच्या बाजूने आई होती. तिला मंत्री कोण आहे याच्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं, पण मत घालायला न येणाऱ्याला सरकारने धरून आणावं, यावर ती ठाम होती. बाबा गावातल्या शाळेत मास्तर. ते सक्तीच्या विरुद्ध.

"मत मनातसून येवक होया," ते म्हणायचे. "धरून हाडलेला मत कसला?"

"आणि मनच अडून बसला तर?" आई चुलीपाशी बसून विचारायची.

यावर बाबा पेपर तोंडासमोर धरायचे. मला तेव्हाही कळत होतं की हे मतदानाबद्दल चाललेलं नाही. हे माझ्या भावाबद्दल होतं.

भावाने मास्तर व्हावं ही बाबांची इच्छा. अर्जसुद्धा त्यांनी भरून ठेवला होता. भावाला यंत्रांचं वेड, त्याला मुंबईतल्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळत होतं. त्यावरून एका सकाळी दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी बाबा म्हणाले, "जातंस तर जा. मी बोलवूचंय नाय." भावाने पिशवी खांद्याला अडकवली आणि दारापुढच्या खळ्यातूनच उत्तर दिलं, "बोलवल्याशिवाय मी येवचंय नाय." दोघे एकाच मातीचे. दोघांनीही शब्द पाळला.

पहिल्या चतुर्थीला गावातले सगळे चाकरमानी आले, आमचा आला नाही. रजा नाही, एवढाच निरोप. दुसऱ्या चतुर्थीला तेच. आईने मोदक वळले, कुणाकुणाच्या हातात ठेवले, आणि रात्री भांडी घासताना एकटीच म्हणाली, "गणपतीक रजा गावत नाय. पण सरकारान बोलवल्यार कंपनी कशी अडवतली?"

तेव्हापासून तिने तो कायदा डोक्यात घेतला. तिचा हिशेब सरळ होता. बाप बोलावणार नाही, लेक येणार नाही, तेव्हा दोघांहून मोठ्या कुणीतरी त्याला हाक मारली पाहिजे. मग बाबांची मान खाली जाणार नाही आणि भावाचीही नाही. असा मोठा माणूस आईच्या ओळखीत एकच होता, सरकार.

त्यात गंमत अशी की गावात ते सरकार म्हणजे आमचे बाबाच. मतदारांची नावं लिहायचं काम मास्तरांच्या गळ्यात असायचं. चौऱ्याऐंशी साली ते यादी घेऊन घरोघर फिरले आणि दुपारी आमच्याही खळ्यात येऊन उभे राहिले. घरात शिरले नाहीत. चपला घालून, डोक्यावर टोपी, आणि भाषा एकदम कचेरीतली.

"या घरात सर्वसाधारणपणे राहणाऱ्या, एकवीस वर्षांवरील व्यक्तींची नावं सांगा."

मी खो खो हसले. आई हसली नाही. ती पदर सावरून दारात आली. नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हतीच. "पयला तुमचा," ती म्हणाली. "दुसरा माझा. तिसरा झिलाचा."

बाबांचं पेन थांबलं. "तो मुंबईक रवता," ते म्हणाले. कचेरीतली भाषा कुठल्या कुठे गेली.

"सर्वसाधारणपणे तो हयच रवता," आई म्हणाली.

मुंबईला गेलेल्याचं नाव गावच्या यादीत ठेवायची आमच्याकडे पद्धतच होती. नाव काढणं म्हणजे माणूस घरातून काढणं, असं प्रत्येक आईला वाटायचं. बाबा इतर घरी त्यावर भांडत, नियम वाचून दाखवत, लोकांचे टोमणे खात. आमच्या खळ्यात नियम निघाला नाही. यादी गुडघ्यावर टेकवून त्यांनी तिसरं नाव लिहिलं, वळणदार अक्षरात, आणि शेजारच्या घरी गेले.

डिसेंबरात निवडणूक लागली. शेजारचे काका मुंबईला निघाले होते. आईने त्यांना गाठून सांगितलं, "त्येका सांगा, मत घालूक येवकच होया. सरकाराचो हुकूम आसा." शुद्ध थाप. बाबा आत पडवीत वह्या तपासत बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाचं खोटं पचू दिलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांनी मान वर केली नाही.

मतदानाच्या दिवशी आईने पहाटेच तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं. आमचं गाव म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये वाळूची पट्टी. मुंबईहून येणारा पलीकडच्या काठाला उतरायचा आणि होडीने यायचा. आई दर होडीला खाडीकडच्या मागच्या दारी जाऊन उभी राहायची. मतदान शाळेत होतं, आणि तिथलं दार उघडताच बाबांनी पहिलं मत घातलं होतं. पण ते घरी काही आले नाहीत. शाळेच्या कडेला माडाखाली बसून राहिले. तिथून खाडी दिसते.

दुपारी मी आईबरोबर शाळेत गेले. तिने शाई लावून घेतली आणि बाबांच्या शेजारी जाऊन बसली. होड्या येत होत्या, माणसं उतरत होती. संध्याकाळी दार बंद झालं तेव्हा बाबा उठले, धोतराची वाळू झटकली आणि म्हणाले, "चला." मला तेव्हा इतका राग आला होता! भावाचा, बाबांचा, त्या न झालेल्या कायद्याचा. तिखलं आम्ही तिघांनी खाल्लं. चौथं ताट आईने न वाढताच पालथं घातलं.

मग आईने त्या कायद्याचा विषय काढणंच सोडलं. मला वाटतं, घर खरं उदास झालं ते तेव्हा. वाद होता तोवर भाऊ घरात होता.

एकोणनव्वद साली मतदानाचं वय अठरा झालं आणि नव्या याद्यांचं काम निघालं. बाबा पुन्हा खळ्यात येऊन उभे राहिले. निवृत्तीला आले होते, चालताना दम लागायचा, पण टोपी तशीच आणि भाषाही तीच. "सर्वसाधारणपणे राहणाऱ्या व्यक्ती किती?"

"तीन," आई म्हणाली. "तुमी, मी आणि चेडू."

माझं नाव पहिल्यांदाच लागणार होतं आणि मला त्याचा आनंद होईना. बाबांनी यादी गुडघ्यावर टेकवली.

"चार," ते म्हणाले.

"खंयचे चार?"

"चार," बाबा पुन्हा म्हणाले आणि लिहू लागले. लिहून झाल्यावर टोपी काढून पायरीवर बसले. "तो तुझो कायदो होवक होयो होतो गो," ते म्हणाले. आईने आतून पाणी आणून दिलं.

त्याच पावसाळ्यात बाबा गेले. तार मिळाल्यावर भाऊ आला. भरल्या खाडीतून होडी डुचमळत आली, आणि आई मागच्या दारी गेली नाही. भाऊ खळ्यातच उभा राहिला, जिथून गेला होता तिथेच. तेरावं झालं. मग न राहवून मी विचारलं, "मत घालूक ये म्हणान निरोप धाडललो. गावलो नाय तुका?"

"गावलो," तो म्हणाला. "पण तो सरकाराचो होतो. बाबांचो खंय होतो?"

आईच बोलली. खळ्यात उभे राहून बाबा काय विचारायचे, तिने पाच वर्षांपूर्वी काय सांगितलं आणि या खेपेला ते स्वतः काय म्हणाले, सगळं सांगितलं. "मी तीन म्हटलंय रे," ती म्हणाली. "त्येंनी चार केल्यानी." भाऊ पायरीवर बसला, बाबा बसले होते तिथेच, आणि ढसाढसा रडला.

नोव्हेंबरात निवडणूक आली. न बोलावता भाऊ पहिल्या होडीने उतरला. शाळेत मतदानाच्या साहेबाने आमच्या घरची नावं ओळीने मोठ्याने वाचली. पहिलं बाबांचं होतं, अजून कुणी काढलं नव्हतं. मग आईचं, भावाचं, माझं. शाई लावलेली बोटं घेऊन आम्ही तिघं त्या माडाखाली थोडा वेळ बसलो. जो यावा म्हणून इतका वाद झाला तो आला होता, आणि वाद घालणारा तेवढा नव्हता.

आता आईही नाही. भावाचे केस पिकले, गुडघे कुरकुरतात, तरी दर मतदानाला तो मुंबईहून देवबागला जातो. कायदा अजून झालेला नाही.