वाटणीची गोळी

केवळाबाईच्या चंचीला चार कप्पे होते. एकात पानं, दुसऱ्यात सुपारी आणि अडकित्ता, तिसऱ्यात चुन्याची डबी आणि चौथ्यात गोळ्या. तापाच्या, जुलाबाच्या, अंगदुखीच्या, सगळ्या एकत्र. मी गावची आशा कार्यकर्ती. ताप आला की माणसानं आधी माझ्याकडे यावं, बोटातून रक्त काढून तपासून घ्यावं, असं सरकारचं म्हणणं. माणसं माझ्या दारावरून पुढं जाऊन केवळाबाईच्या ओट्यावर बसायची. मला राग यायचा, आणि खोटं कशाला बोलू, हेवाही वाटायचा.

ती धनगराची. नवरा रायभान, एकुलता एक मुलगा बिरदेव, सून बबिता, दोन नाती आणि साठ-सत्तर मेंढ्या. पावसाळाभर ही मंडळी पाथरीजवळच्या आमच्या गावात असायची. दिवाळी झाली की मेंढ्या हाकत तेलंगणाच्या अंगाला जंगलाकडे निघायची, वाटेत शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायची आणि उन्हाळा सरता सरता परत यायची. मी लिंगायत घरातली, किराणा दुकानदाराची सून. माझ्या पहिल्या बाळंतपणात ही बाई न बोलावता आली आणि स्वतःच्या मेंढ्यांच्या लोकरीचं घोंगडं माझ्या अंगावर टाकून गेली. तेव्हापासून मी तिला मावशी म्हणते.

तिची सगळी डॉक्टरकी मेंढ्यांवरून आलेली. एका वर्षी तिच्या कळपात रोग शिरला आणि पंधरा मेंढ्या गेल्या. ढोरांच्या डॉक्टरनं तिला समजावलं, एका मेंढीला झालं की सगळ्या कळपाला औषध पाजायचं, आजारी दिसो न दिसो. तिनं तसं केलं आणि पुढं कळप वाचला. एवढी खरी, एवढी कामाची गोष्ट तिला आयुष्यात दुसऱ्या कुणी सांगितली नव्हती. तिनं ती माणसांनाही लावली. घरात एकाला ताप आला की गोळ्या सगळ्यांना, आणि कमी पडल्या तर अडकित्त्यानं तुकडे करून.

रायभानमामांना मलेरिया झाला तेव्हा मी पहिल्यांदा तिच्याशी भांडले. मी त्यांच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासायला पाठवला होता. त्याचा निकाल आला बाराव्या दिवशी, तोवर माणूस तापून तापून उठूनही बसला होता. तरी मी चौदा दिवसांच्या गोळ्या नेऊन दिल्या. चौथ्या दिवशी गेले तर पाकीट रिकामं.

"एवढ्या सगळ्या कुठं गेल्या, मावशी?"

"वाटल्या की. तेंचा ताप उतरला. बबिताचं अंग दुखायलं होतं, तिला दिल्या. शेजारच्या केशरबाईला दोन दिल्या."

"रोग म्हशीला आणि औषध पखालीला. अंगदुखीला कुणी मलेरियाची गोळी देतं का?"

ती हसली. म्हणाली, "एकट्यानं खायची चीज हाय का ती? आमच्यात एकटं कुणी काई खात न्हाई, माय."

दोन महिन्यांनी मामांचा ताप परत आला. तिला वाटलं, हा नवा ताप. मी सांगितलं, जुनाच आहे, लिव्हरात दडून बसला होता, म्हणून तर चौदा दिवस गोळ्या असतात. तिनं मान डोलावली आणि चंचीतून सुपारी काढून मला दिली. माझं बोलणं आवडलं की ती सुपारी द्यायची आणि पटलं नाही तरीही द्यायची.

मी तिला नावं ठेवते, पण माझेही हात स्वच्छ नाहीत. दर दिवाळीनंतर ती निघायच्या आदल्या दिवशी यायची आणि गोळ्या मागायची. जंगलात कोण आशा आणि कोण दवाखाना. मी रक्त न तपासता चार पाकिटं द्यायची. मला वाटायचं, काहीच नसण्यापेक्षा हे बरं. तेवढ्यावर तिचं भागत नसेच, तालुक्याच्या दुकानात बिनाचिठ्ठीच्या वाटेल तेवढ्या मिळायच्या. पहिल्या वर्षी परत आल्यावर ती म्हणाली, गोळीनं एका दिवसात गुण आला. दुसऱ्या वर्षी म्हणाली, तीन दिवस लागले. तिसऱ्या वर्षी म्हणाली, आता कंपनीवाले मिलावट करायले. मी हे ऐकून घेतलं आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

बिरदेवचा ताप गेल्या पौषातला. तिकडे जंगलाच्या कडेला मेंढ्या बसलेल्या होत्या. पोरगा चोवीस-पंचवीसचा, काठी खांद्यावर टाकून चालायला लागला की मेंढ्यांना पळावं लागायचं. केवळाबाईनं चंचीतली नेहमीची जुनी गोळी दिली, सगळ्यांना दोन दोन. मग दुकानातून दुसरं पाकीट आणलं. ताप जरा उतरायचा, परत चढायचा. सहाव्या दिवशी रायभानमामांनी त्याला एका शेतकऱ्याच्या मोटारसायकलवर मध्ये बसवून तिथल्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सनं पट्टीवर रक्त तपासलं आणि सांगितलं, हा मेंदूत जाणारा मलेरिया आहे, याला जुनी गोळी आता दाद देत नाही. तिनं तीन दिवसांचं नवं औषध दिलं. पहिल्या दिवसाचं तिथंच समोर गिळायला लावलं आणि उरलेलं रोज न चुकता द्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बिरदेव उठून बसला, भाकरी खाल्ली. त्याच दिवशी बबिताला आणि धाकट्या नातीला कणकण वाटायला लागली. पुढचं मला बबितानं सांगितलं. सासूनं उरलेल्या गोळ्या पाटावर ठेवल्या, अडकित्ता घेतला आणि सहा जणांचे सहा वाटे केले. बिरदेवच म्हणाला होता, "पोरीला आधी दे. मला बरं वाटायलंय." त्याच्या वाट्याला जो तुकडा आला तो त्यानं खाल्ला असता तरी उपयोग नव्हता. पण तेवढाही त्यानं उशाशी ठेवला, पोरीला लागला तर असावा म्हणून.

तिसऱ्या दिवशी तो बरळायला लागला. जीप करून त्याला परभणीला आणलं. मला फोन आला तशी मी एसटीनं परभणी गाठली. डॉक्टरांनी विचारलं, आत्तापर्यंत काय काय दिलं. केवळाबाईनं चंची टेबलावर उलटी केली. पानं, चुना, निळ्या-पिवळ्या गोळ्या, अर्ध्या गोळ्या, पाव गोळ्या. त्याच संध्याकाळी बिरदेव गेला.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, पूर्ण औषध पोटात गेलं असतं तर बहुतेक वाचला असता. आणि म्हणाले, अर्धामुर्धा डोस खाल्ला की जंतू मरत नाही, गोळीला सरावतो. जुनी गोळी अशीच वाया गेली, ही नवीही तुम्ही लोक अशीच घालवाल. 'तुम्ही लोक' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही.

तेराव्यानंतर केवळाबाई माझ्या अंगणात आली. पदराच्या गाठीतून तिनं गोळीचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला.

"ही बिरूची वाटणी. उशाखाली घावली." मग विचारलं, "माय, खरं सांग. माझ्या वाटण्यानं गोळी कमी पडली का?"

तिनं सरळ विचारलं होतं. उत्तर मला माहीत होतं, डॉक्टरांनी माझ्या कानावर घातलं होतं. पण समोर ती बसली होती, आणि तिनं दिलेलं घोंगडं माझ्या घरात अजून वापरात होतं. मी म्हणाले, "न्हाई, मावशी. ताप लय चढला होता. कुणाच्याच हातात नव्हतं."

तिनं सुस्कारा सोडला आणि सुपारी दिली. ती गेल्यावर मला बरं वाटलं, याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

परवा दिवाळी झाली. मेंढ्या आता बबिता आणि म्हातारा मिळून नेणार. केवळाबाई ठरल्याप्रमाणे निघायच्या आदल्या दिवशी आली आणि म्हणाली, पोरीयसाठी गोळ्या दे, जंगलात लागतील. तिच्या चंचीचा चौथा कप्पा फुगलेला दिसला. त्या दोन पोरी तिच्या अडकित्त्याखाली जाणार हे मला दिसलं आणि मग मला गप्प राहवेना. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. नर्सनं दिलेलं औषध एकट्या बिरदेवचं होतं. ते वाटलं म्हणून कमी पडलं. मेंढ्यांचा नियम इथं लागू नाही. आता रक्त तपासल्याशिवाय गोळी नाही आणि ज्याची गोळी त्यानंच संपवायची.

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. रडेल असंही वाटलं होतं. तिनं चंची काढून चौथा कप्पा माझ्या पायाशी मोकळा केला. तुकडेच तुकडे होते.

"तवा इचारलं तर तू न्हाई म्हणालीस," ती म्हणाली.

"तुमचं दुःख बघवलं न्हाई, मावशी."

"बरं केलंस." ती उठली. "मी तवापासून बिरूच्या नावानं वाटायलेय. पुण्य म्हणून. ज्याला ताप, त्याला एक तुकडा. दत्तरावाच्या सुनेला दिला, शाळेतल्या लेकरायला दिला, तुझ्या गोपाळलाबी दिला."

गोपाळ माझा धाकटा. श्रावणात त्याला ताप आला होता आणि दोन दिवसांत आपोआप उतरला, असं मी वहीत लिहिलं आहे. काल संध्याकाळपासून त्याचं अंग परत तापलंय. मी बॅगेतली पट्टी काढली आहे, आणि त्याचं बोट माझ्या हातात आहे.