फुफू आणि गल्लीतल्या कुंड्या

निजामाच्या राज्यात सरकारी हुकूम मोडणारी माणसं मी औरंगाबादेत पुष्कळ पाहिली, पण आमच्या फुफूचा हुकूम मोडून अंगणात टिकलेलं झाड काही पाहिलं नाही. नातं म्हणाल तर ती आमची कोणीच नव्हती. गुलमंडीमागच्या आमच्या गल्लीत भिंतीपलीकडे राहणारी एकटी विधवा बाई. तिच्या भावाची मुलं तिला फुफू म्हणत, म्हणून सगळी गल्ली म्हणे. कोणीतरी छाटून टाकलेल्या कण्हेरीच्या फांद्या खाऊन तिची दुभती शेळी मेली, आणि त्या दिवसापासून शोभेच्या विषारी झाडांशी तिनं उभं वैर धरलं.

बुरखा सावरत ती कोणाच्याही घरी शिरायची, चहा नको म्हणायची आणि थेट कुंड्यांपाशी जाऊन बसायची. पान चुरगळायची, हुंगायची, आणि चीक निघाला की घरच्या बाईकडं असं बघायची, जणू तिनं नागच पाळलाय. बिट्टीच्या बियांनी खेळणाऱ्या पोरांचे खिसे ती भर रस्त्यात उलटे करी आणि बदल्यात मूठभर चिंचोके देई. लग्नाच्या मांडवाला कण्हेरीच्या माळा दिसल्या तर आधी माळा उतरवी, मग आहेर देई. कोपऱ्यावरचे पुजारी मात्र बधेनात. देवाला फुलं लागतात, आमची कण्हेर तुटायची नाही, असं त्यांनी बजावलं. फुफूनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आपल्या अंगणातल्या मोगऱ्याची परडी रोज सकाळी त्यांच्या ओट्यावर ठेवू लागली. मोगरा सरला तसा झेंडू आणू लागली. असे चार-पाच महिने गेल्यावर पुजाऱ्यांनी स्वतःच कुऱ्हाड मागवली. बाई थकेना, मीच थकलो, असं ते पुढं सगळ्यांना सांगत.

माझं तिच्याशी बिनसलं तेही एका कुंडीवरूनच. हैदराबादहून माझ्या भावानं एक झाड आणलं होतं. रुंद हिरवी पानं, त्यांवर पांढरे शिंतोडे. कोपऱ्यात ठेवलं की आमची बैठक साहेबाच्या बंगल्यासारखी दिसे. फुफूनं त्याचा देठ मोडला, रस मनगटाला लावला आणि बराच वेळ खाजवत बसली.

“बेटी, घरात लेकरू रांगतंय,” ती म्हणाली. “हे बाहेर काढ.”

घर माझं आणि झाडही माझं, असं मी सुनावलं. ती उठून गेली. पुढं पंधरा दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती मात्र रोज सकाळी भिंतीपलीकडून एवढंच विचारी, “काढलं क्या?”

सोळाव्या दिवशी दुपारी माझ्या वर्षाच्या मुलीनं त्या झाडाचं पान चावलं. ओठ सुजले, लाळ गळू लागली, रडायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. मी फुफूला हाक मारली असावी. मला आठवत नाही. बुरख्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकणारी ती बाई उघड्या डोक्यानं धावत आली. बोटाला ओला फडका गुंडाळून तिनं मुलीच्या तोंडातला चोथा काढला, जीभ पुसली, चमच्याचमच्यानं गार दूध दिलं, आणि मुलीला घेऊन माझ्या आधी टांग्यात जाऊन बसली. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत दवाखान्यात ठेवून घेतलं. सूज उतरू लागली, मुलीनं भोकाड पसरलं, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. मी माफी मागायला लागले.

“रडू नको,” फुफू म्हणाली. “आधी कुंडी.”

घरी येताच आम्ही दोघींनी ती कुंडी उचलली आणि गावाबाहेर नेऊन खड्ड्यात पुरली.

पुढं काही वर्षांनी फुफूचा भाऊ तिला हैदराबादला घेऊन गेला. तिकडून एकदाच तिचं उर्दू पत्र आलं, ते माझ्या यजमानांनी वाचून दाखवलं. आता नीट दिसत नाही, भावाच्या बागेतलं कुठलं झाड कसलं हे विचारलं तर सुना हसतात, असं तिनं लिहवून घेतलं होतं. आणि शेवटी विचारलं होतं, आपल्या गल्लीत हल्ली काय लावतात?

उत्तर लिहायला हे बसले. मी सांगितलं, लिहा, गल्लीत एकही कण्हेर नाही. कुंडी घेताना बाया अजून तुझं नाव काढतात. यांनी लेखणी थांबवून दाराबाहेर पाहिलं. समोरच्या नव्या बिऱ्हाडानं ओट्यावर कण्हेरीच्या दोन कुंड्या मांडल्या होत्या. गुलाबी फुलांनी नुसत्या लगडल्या होत्या.

“लिहा तुम्ही,” मी म्हटलं. “पत्र हैदराबादला पोचेपर्यंत त्या तिथं नसतील.”